तीन टॉमकॅट, एक एनजिनएक्स आणि दोनदा निघालेली काटा पावती

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली एक छोटी कंपनी साखर कारखान्यांना ऊस नोंद, काटा पावती आणि पंधरवडा बिलाचं वेब अ‍ॅप्लिकेशन देते. आधी एकच टॉमकॅट (जावातलं अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) होता. गळीत हंगामात तो दमायला लागला म्हणून आधी दोन आणि आता तीन टॉमकॅट केलेत, पुढे एनजिनएक्स (आलेल्या रिक्वेस्ट टॉमकॅटमध्ये वाटणारा प्रॉक्सी) आणि मागे एकच पोस्टग्रेस (डेटाबेस). तेव्हापासून चार तक्रारी आहेत. लोक मधेच लॉगआऊट होतात. बिलाच्या दिवशी काहींना ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर मिळालं नाही असा एरर) दिसतं, त्याच वेळी शेजारच्याला सगळं नीट दिसतं. तिसरा सर्व्हर जोडून वेग वाढला नाहीच. आणि काट्यावर एकाच गाडीच्या दोन पावत्या निघाल्या, तेही पावती सेव्ह होऊन शेतकऱ्याला एसएमएस जायच्या टप्प्यावर. विचारणाऱ्यांनी कॉन्फिग फाइलही दिली आहे. शेवटी दोन प्रश्न आहेत: रिक्वेस्ट वाटायला राउंड रॉबिन (आळीपाळीने), लीस्ट कनेक्शन (चालू कनेक्शन कमी असतील तिकडे) आणि आयपी हॅश (वापरणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून) यातलं नेमकं कोणतं लावू? आणि एनजिनएक्स काढून एचएप्रॉक्सी हा दुसरा प्रॉक्सी टाकू का?

वाटपाची पद्धत हा यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे. तिन्ही सर्व्हर ठणठणीत असताना रिक्वेस्ट कशाही वाटल्या तरी चालतं. खरा खेळ सुरू होतो तो एखादा सर्व्हर वेळेत उत्तर देत नाही तेव्हा. एनजिनएक्स त्याला मेलेला कधी धरतो, तीच रिक्वेस्ट दुसऱ्याला पाठवतो का, आणि पाठवावी का? तुमच्या फाइलमध्ये पहिल्या गोष्टीवर चर्चा भरपूर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र कुठून तरी उचलून चिकटवलेली आहेत. ती अशी एका ओळीत बसत नाहीत. (डायरेक्टिव्हची, म्हणजे कॉन्फिगमधल्या सेटिंगची, नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने जातील.)

कशालाही हात लावण्याआधी लॉग बदला. एनजिनएक्सच्या नेहमीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये रिक्वेस्ट कोणत्या टॉमकॅटकडे गेली हे येतच नाही. लॉग_फॉरमॅटमध्ये चार व्हेरिएबल घाला (अपस्ट्रीम म्हणजे एनजिनएक्सच्या मागचे सर्व्हर): अपस्ट्रीम_अ‍ॅड्रेस, म्हणजे फाइलमध्ये डॉलर अपस्ट्रीम_अ‍ॅडर, अपस्ट्रीम_स्टेटस, अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम, आणि रिक्वेस्ट_टाइम. एक रिक्वेस्ट दोन-तीन सर्व्हरकडे फिरली असेल तर पहिल्या तिन्ही ठिकाणी किमती स्वल्पविराम देऊन ओळीने येतात. म्हणजे एखाद्या ओळीत दहा-अकराचा पत्ता, मग स्वल्पविराम, मग दहा-बाराचा पत्ता, स्टेटसमध्ये ५०४ (वेळेत उत्तर नाही) आणि मग २०० (सगळं ठीक), वेळेत साठ सेकंद आणि मग दोन सेकंद असं दिसलं, तर तुमची दुहेरी पावती तुमच्या डोळ्यासमोर आहे. मला खात्री आहे की ती ओळ सापडेल. कारण खाली सांगतो.

तुमच्या फाइलमध्ये प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम (काय झालं तर रिक्वेस्ट पुढच्या सर्व्हरला द्यायची) या ओळीत एरर, टाइमआऊट, एचटीटीपी_५००, ५०२, ५०४ आणि शेवटी नॉन_आयडेम्पोटंट (दोनदा पाठवली तर दोनदा परिणाम होणारी रिक्वेस्टसुद्धा) असं सगळं आहे. हा शेवटचा शब्द जीवघेणा आहे. १.९.१३ या आवृत्तीपासून एनजिनएक्स स्वतःहूनच शहाण्यासारखं वागतो: पोस्ट, पॅच यांसारखी रिक्वेस्ट एकदा टॉमकॅटकडे रवाना झाली असेल तर ती पुन्हा दुसऱ्याकडे देत नाही. कनेक्शनच जुळलं नाही, म्हणजे रिक्वेस्ट अजून हातातच आहे, तर मात्र देतो आणि ते बरोबरच आहे. नॉन_आयडेम्पोटंट लिहिलं की हा संयम तुम्ही काढून घेतलात.

आता काट्यावर काय झालं ते बघा. गाडीचं रिकामं वजन झालं, क्लार्कने सेव्ह दाबलं, पोस्ट पहिल्या टॉमकॅटकडे गेली. त्याने डेटाबेसमध्ये पावती टाकली, कमिट (पक्कं) केलं, आणि मग त्याच थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच कामाच्या ओघात, एसएमएस गेटवेला कॉल लावला. गेटवे त्या दिवशी सुस्त होता. प्रॉक्सी_रीड_टाइमआऊट (उत्तराची किती वेळ वाट बघायची) तुम्ही लिहिलेला नाही, म्हणजे तो ६० सेकंद. साठ सेकंद पहिल्या टॉमकॅटकडून एक बाइटही आला नाही, एनजिनएक्सने त्याला सोडलं आणि तीच पोस्ट दुसऱ्या टॉमकॅटला दिली. त्याने इमानेइतबारे नवी पावती टाकली. एनजिनएक्सच्या दृष्टीने सगळं सुरळीत, ब्राउझरला २०० मिळालं, एरर कुठेच नाही. म्हणून तर क्लार्कवर संशय गेला की यानेच दोनदा बटण दाबलं. त्या माणसाची आधी माफी मागा.

उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. नॉन_आयडेम्पोटंट काढा. एसएमएस पावतीच्या व्यवहारातून बाहेर काढून रांगेत टाका, तो पाच मिनिटं उशिरा गेला म्हणून कुणाचं अडत नाही. आणि डेटाबेसमध्ये टोकन क्रमांक, काटा आणि हंगाम मिळून युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) लावा. तिसरा उपाय सगळ्यात महत्त्वाचा, कारण एनजिनएक्स कितीही नीट लावला तरी क्लार्क खरंच कधीतरी दोनदा बटण दाबणार आहे आणि नेटवर्क खरंच कधीतरी उत्तर परत येताना तुटणार आहे. दुसरी पोस्ट आली तर अ‍ॅपने नवी पावती न टाकता आधीचीच पावती परत दाखवावी.

बिलाच्या दिवशीचं ५०२ हे याच घराण्यातलं आहे, फक्त जरा गुंतागुंतीचं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाची किंमत १४ दिवसांत द्यायची असते, त्यामुळे पंधरवडा संपला की शेती ऑफिस आणि सगळी गट ऑफिसं एकाच सकाळी तोच मोठा रिपोर्ट काढतात. तुम्ही म्हणता तो रिपोर्ट कधी कधी दीड मिनिट घेतो. तो गेट (फक्त माहिती मागणाऱ्या) रिक्वेस्टने जातो. गेट म्हणजे निरुपद्रवी, पुन्हा पाठवायला हरकत नाही, असं एनजिनएक्स धरतो. टाइमआऊट झाला की रिक्वेस्ट पुढच्याकडे जाते, आणि हे नेक्स्ट_अपस्ट्रीम न लिहितासुद्धा होतं, कारण एरर आणि टाइमआऊट हे मुळातच चालू असतात.

म्हणजे एक रिपोर्ट साठाव्या सेकंदाला पहिल्याकडून दुसऱ्याकडे, एकशे विसाव्या सेकंदाला तिसऱ्याकडे, आणि तीन मिनिटांनी वापरणाऱ्याच्या हातात ५०४. यात आणखी एक वाईट गोष्ट आहे. एनजिनएक्सने कनेक्शन सोडलं तरी टॉमकॅटचा थ्रेड थांबत नाही, त्याला कळतही नाही. तो क्वेरी पूर्ण करतो आणि उत्तर लिहायला जातो तेव्हा समोर कुणी नसतं. पोस्टग्रेसवर तीच जड क्वेरी पहिल्याची चालू असतानाच दुसऱ्याचीही सुरू होते. दरम्यान माणूस कंटाळून एफ-पाच दाबतो, लॉगमध्ये ४९९ (वापरणाऱ्यानेच कनेक्शन सोडलं) पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

५०२ कुठून येतं? मॅक्स_फेल्स आणि फेल_टाइमआऊट तुम्ही लिहिलेले नाहीत, म्हणजे ते अनुक्रमे १ आणि १० सेकंद. दहा सेकंदांत एक अपयश आलं की तो सर्व्हर पुढचे दहा सेकंद बाद. टाइमआऊट हेही अपयशच मोजलं जातं. आता तीन गट ऑफिसांनी काही सेकंदांच्या अंतराने रिपोर्ट मागितला आणि ते तीन वेगळ्या टॉमकॅटवर पडले, तर साठ सेकंदांनी तिन्ही टॉमकॅट जवळपास एकदमच बाद होतात. टॉमकॅट धडधाकट चालू आहेत, पावत्या करू शकतात, पण एनजिनएक्सच्या मते कुणीच जिवंत नाही. एरर लॉगमध्ये त्या वेळी नो लाइव्ह अपस्ट्रीम्स असा मजकूर असेल. आणि मोबाइलवर बिल बघायला आलेल्या शेतकऱ्याला ५०२.

मग शेजारच्याला का दिसत नाही? कारण तुमच्या अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये झोन नाही. झोन दिला नाही तर कोणता सर्व्हर जिवंत आणि कोणता बाद याचा हिशेब एनजिनएक्सची प्रत्येक वर्कर प्रोसेस आपापला ठेवते. चार वर्कर असतील तर एकाच्या वहीत तिन्ही बाद आणि उरलेल्या तिघांच्या वहीत सगळे हजर, असं होऊ शकतं. कुणाचं कनेक्शन कोणत्या वर्करकडे गेलं यावर त्याचं नशीब. झोन लिहून ६४ के एवढी सामायिक मेमरी दिली की सगळ्या वर्करचा हिशेब एक होतो. तेवढ्याने ५०२ थांबणार नाही, उलट आता सगळ्यांना एकसारखं दिसेल. पण निदान दोष एका जागी सापडेल.

थांबवायचं असेल तर रिपोर्टची वाट वेगळी करा. अपस्ट्रीमचे दोन ब्लॉक करा. एकात पहिले दोन टॉमकॅट, काटा पावती, नोंद आणि मोबाइलसाठी. दुसऱ्यात तिसरा टॉमकॅट, फक्त रिपोर्टसाठी. रिपोर्टच्या लोकेशनमध्ये रीड टाइमआऊट ३०० सेकंद, प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम ऑफ. शेती ऑफिसने तिसऱ्याचा जीव घेतला तरी काटा चालू राहील, आणि कारखान्यात काटा बंद पडणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या हंगामापर्यंत मात्र तो रिपोर्ट पार्श्वभूमीत तयार करून फाइल ठेवा. दीड मिनिटाची गेट रिक्वेस्ट ही कोणत्याच प्रॉक्सीमागे सुखाने नांदत नाही.

काट्याच्या वाटेवर मॅक्स_फेल्स ३ आणि फेल_टाइमआऊट १५ सेकंद ठेवा. लक्षात घ्या की फेल_टाइमआऊट हा एकच आकडा दोन कामं करतो: किती वेळात तीन अपयशं मोजायची, आणि मग किती वेळ बाद ठेवायचं. प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम_ट्राइज २ करा, नाहीतर मर्यादाच नसते. आणि एचटीटीपी_५०० त्या यादीतून काढा. ५०० हा बहुतेक वेळा तुमच्या कोडचा दोष असतो. एका सर्व्हरवर नल पॉइंटर आला तर दुसऱ्यावरही तोच येणार. वर यादीत असल्यामुळे ते अपयश मोजलं जातं आणि एका बिघडलेल्या पानामुळे चांगला सर्व्हर बाद होतो.

प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआऊट हीसुद्धा न लिहिलेली ओळ आहे, म्हणजे ६० सेकंद. तुमचे चारही सर्व्हर एकाच स्विचवर आहेत, तिथे कनेक्शन जुळायला दोन सेकंद म्हणजे युग झालं. टॉमकॅटची प्रोसेस मेली असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम लगेच नकार देते आणि एनजिनएक्स पुढे सरकतो, म्हणून चाचणीत तुम्हाला सगळं झकास दिसलं असणार. पण मशीनचीच लाइट गेली किंवा केबल निघाली तर नकार द्यायलाही कुणी नसतं. पाठवलेलं पॅकेट हवेत विरतं आणि एनजिनएक्स पूर्ण साठ सेकंद वाट बघत बसतो. दोन सेकंद लिहा. आणि चाचणी घेताना टॉमकॅट बंद करून समाधान मानू नका, नेटवर्क केबल उपसा.

आता लॉगआऊट. तुम्ही आयपी_हॅश लावलंय, सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) एकाच सर्व्हरवर टिकावं म्हणून. त्याने दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच आकडे यात धरले जातात, चौथा नाही. दुसरं, कारखान्यातली सगळी कॉम्प्युटर एकाच ब्रॉडबँड कनेक्शनमागून येतात, म्हणजे बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच. एक अख्खा कारखाना एका टॉमकॅटवर बसला. तुमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कारखाना ज्या सर्व्हरवर पडला तो घामाघूम, बाकीचे दोन जांभया देतायत. तिसरा सर्व्हर जोडून वेग का वाढला नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे. लॉगआऊट कुणाचं होतं? चिटबॉयचं, जो शेतात उभा राहून मोबाइलवर काम करतो. त्याचा पत्ता टॉवर बदलला, वाय-फाय मिळालं, नेट गेलं-आलं की बदलतो, हॅश बदलतो, दुसरा टॉमकॅट त्याला ओळखत नाही. शिवाय पहिला टॉमकॅट दहा सेकंद बाद झाला की त्याच्यावरचे सगळेच दुसरीकडे जातात आणि बाहेर पडतात.

कुकीवर हॅश करा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. टॉमकॅटच्या जेसेशनआयडी या सेशनच्या कुकीवर तो सरळ चालत नाही. लॉगिनच्या वेळी कुकी नसते, रिक्वेस्ट समजा दुसऱ्या टॉमकॅटवर जाते, तो सेशन तयार करून कुकी देतो. पुढच्या वेळी त्या कुकीचा हॅश पहिल्याकडे बोट दाखवू शकतो, जिथे ते सेशन नाहीच. त्यावर नीट तोडगा म्हणजे टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये इंजिनला जेव्हीएमरूट द्यायचा. मग कुकीच्या शेवटी टिंब देऊन त्या सर्व्हरचं नाव लागतं, आणि एनजिनएक्समध्ये मॅप लिहून त्या शेपटीवरून सर्व्हर निवडता येतो. अपाचीचा बॅलन्सर हे स्टिकीसेशन या एका सेटिंगने करतो, तेवढ्यापुरता तो सोयीचा आहे.

पण मी हे सगळं तात्पुरतं मानतो. सेशन टॉमकॅटच्या मेमरीत ठेवून तीन सर्व्हर चालवणं म्हणजे तीन वेगवेगळी अ‍ॅप्लिकेशन चालवणं. ते बाहेर काढा, रेडिसमध्ये (डेटा मेमरीत ठेवणारा वेगळा सर्व्हर) किंवा सरळ पोस्टग्रेसच्या एका टेबलात. तुमच्या आकाराला टेबलही पुरेल. मग कुठलीही रिक्वेस्ट कुठेही गेली तरी फरक पडत नाही, भर दुपारी एक टॉमकॅट काढून नवी आवृत्ती चढवता येते आणि आयपी_हॅश ही ओळ पुसता येते.

ती पुसल्यावर काय लावायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. राउंड रॉबिन ओळीने वाटतो, समोरचा मोकळा आहे की अडकलाय हे बघत नाही. गव्हाणीसमोर बैलगाडी आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर यांना एकच नंबर मोजून आळीपाळीने दोन काट्यांवर सोडलं तर एका काट्यावर रांग लागते, तसं. लीस्ट_कॉन चालू कनेक्शन कमी असतील तिकडे पाठवतो. तुमच्याकडे छोट्या आणि मध्यम रिक्वेस्ट मिसळलेल्या आहेत, रिपोर्ट वेगळे काढले तरी. तेव्हा लीस्ट_कॉन लावा, आणि झोनसकट लावा, नाहीतर कनेक्शनची मोजणीही वर्करगणिक वेगळी होते.

त्यात एक खड्डा आहे, तो ओळखून ठेवा. एखाद्या टॉमकॅटचा डेटाबेस पूल (डेटाबेसकडे उघडून ठेवलेली कनेक्शनं) संपला आणि तो प्रत्येक रिक्वेस्टला पाच मिलिसेकंदांत ५०० परत करायला लागला, तर त्याच्यावर चालू कनेक्शन कायम सगळ्यात कमी. लीस्ट_कॉनला वाटतं हाच मोकळा, हाच तरतरीत. सगळी गर्दी तिकडेच. ५०० यादीतून काढायला मी वर सांगितलंय, त्यामुळे एनजिनएक्स त्याला बादही करणार नाही. म्हणून अ‍ॅपला शिकवा की पूल संपला असेल तर ५०० न देता ५०३ (सध्या सेवा देता येत नाही) द्यायचा, आणि एचटीटीपी_५०३ यादीत ठेवा. आजारपण आणि कोडमधला दोष यांना वेगळे आकडे दिले की प्रॉक्सीला निर्णय घेता येतो. ५०३ देताना कोडने डेटाबेसमध्ये काही लिहिलेलं नसावं, हे ओघाने आलंच.

वेगाचं उरलेलं अर्धं उत्तर पोस्टग्रेसमध्ये आहे. तुमच्या प्रत्येक टॉमकॅटचा पूल ५० कनेक्शनचा. दोन सर्व्हर होते तेव्हा शंभर, तीन झाल्यावर दीडशे. पोस्टग्रेसचं मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असतं आणि तुम्ही ते बदलल्याचं कुठे दिसत नाही. म्हणजे तिसरा सर्व्हर जोडून तुम्ही उत्पादन वाढवलं नाही, भांडण वाढवलं. आकडा तीनशे करून टाकू नका. पूल प्रत्येकी वीसवर आणा आणि आठवडाभर बघा. बहुतेक वेळा वेग वाढतो, कारण डेटाबेसच्या मोजक्या कोअरवर कमी क्वेरी एका वेळी धावतात. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर वाढवणं ही सोपी गोष्ट असल्याने सगळे तीच आधी करतात.

अधूनमधून, अगदी क्वचित, फक्त सेव्ह करतानाच ५०२ येतं असं तुम्ही एका वाक्यात लिहून सोडून दिलंय. ते वाक्य महत्त्वाचं आहे. तुम्ही अपस्ट्रीममध्ये कीपअलाइव्ह (कनेक्शन पुन्हा वापरायला उघडं ठेवणं) लावलंय, चांगलं केलंय, एचटीटीपी १.१ आणि कनेक्शन हेडर रिकामा हेही बरोबर आहे. पण टॉमकॅटच्या सोबत येणाऱ्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये कनेक्शनटाइमआऊट २०,००० मिलिसेकंद असतो आणि कीपअलाइव्हटाइमआऊट वेगळा दिला नाही तर तोच लागू होतो. म्हणजे वीस सेकंद निवांत पडलेलं कनेक्शन टॉमकॅट बंद करतो. एनजिनएक्स मात्र ते साठ सेकंद जपून ठेवायच्या तयारीत असतो. टॉमकॅटने बंद केल्याचं एनजिनएक्सला बहुतेक वेळा कळतं आणि तोही टाकून देतो. पण टॉमकॅट बंद करतोय नेमक्या त्याच क्षणी एनजिनएक्सने त्यावर रिक्वेस्ट सोडली तर ती आपटते. गेट असेल तर गुपचूप दुसऱ्याकडे जाते, कुणाला पत्ता लागत नाही. पोस्ट असेल तर पुन्हा पाठवता येत नाही म्हणून ५०२. नॉन_आयडेम्पोटंट काढल्यावर हे प्रमाण थोडं वाढलेलं दिसेल, आणि घाबरून तुम्ही ते परत लावाल, म्हणून आधीच सांगतो. एनजिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकमधला कीपअलाइव्ह_टाइमआऊट १५ सेकंद करा. ज्याने रिक्वेस्ट पाठवायची त्यानेच कनेक्शन आधी सोडायचं.

हेडरचं, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींचं, थोडक्यात. तुम्ही होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे तिन्ही सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिलेत आणि मोबाइलच्या लोकेशनमध्ये आणखी एक वेगळा हेडर. प्रॉक्सी_सेट_हेडर एकदा जरी आतल्या ब्लॉकमध्ये आला तर वरचे सगळे रद्द होतात, त्यात भर पडत नाही. त्यामुळे मोबाइलच्या वाटेवर होस्ट म्हणून तुमच्या अपस्ट्रीमचं नाव जातंय, आणि त्या नावात अंडरस्कोर आहे. नव्या टॉमकॅटना डोमेनच्या नावात अंडरस्कोर चालत नाही, ते सरळ ४०० देतात. टॉमकॅटची आवृत्ती वाढवल्याबरोबर मोबाइल अ‍ॅप का बंद पडलं, या तुमच्या जुन्या कोड्याचं उत्तर बहुधा हेच. चारही हेडर एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक लोकेशनमध्ये इन्क्लूड करा. टॉमकॅटमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह लावा, म्हणजे पावतीच्या नोंदीत प्रत्येक ठिकाणी एनजिनएक्सचाच पत्ता पडणार नाही आणि लॉगिननंतर एचटीटीपीएसवरून एचटीटीपीवर उडी जाणार नाही.

प्रॉक्सी_पासच्या शेवटच्या तिरप्या रेघेबद्दलही. रेघ दिली तर लोकेशनचा जुळलेला भाग कापून पुढे जातो, नाही दिली तर अख्खा पत्ता जसाच्या तसा जातो. तुमच्या दोन लोकेशनमध्ये एकीकडे आहे, एकीकडे नाही. चालतंय म्हणजे कदाचित मुद्दाम असेल. नसेल तर बघा.

एचएप्रॉक्सी घ्यावा का? त्याची एक गोष्ट खरोखर उजवी आहे: तो रिक्वेस्ट यायची वाट न बघता स्वतःहून सर्व्हरची तब्येत विचारत राहतो. चेक लावला की दर दोन सेकंदांनी, तीन वेळा नापास झाला तर बाद, दोन वेळा पास झाला तर परत आत. एनजिनएक्सच्या मोफत आवृत्तीत हे नाही, तिथे कुणाची तरी रिक्वेस्ट आपटल्याशिवाय सर्व्हर मेल्याचं कळत नाही. कुकी घालून सर्व्हर बांधणंही एचएप्रॉक्सीत जुनं आणि सरावाचं आहे, आणि आकडेवारीचं पान फुकट मिळतं. पण वरच्या चुका तुम्ही तिकडेही तशाच घेऊन जाल: तिथेही टाइमआऊट आहेत, तिथेही रीट्राय आहे. तेव्हा हा हंगाम एनजिनएक्सवरच काढा. हंगाम संपल्यावर बदलायचं वाटलं तर एनजिनएक्स पुढे एचटीटीपीएस आणि स्टॅटिक फाइलसाठी ठेवून मागे एचएप्रॉक्सी बसवता येतो. तब्येत तपासायचा पत्ता तयार कराल तेव्हा त्यात डेटाबेसची जड क्वेरी घालू नका. डेटाबेस एकच आहे, तो क्षणभर अडखळला तर तिन्ही टॉमकॅट एकदम नापास होतील आणि आपण पुन्हा पंधरवड्याच्या सकाळवर येऊ.

बदल एका दिवशी सगळे करू नका. आज लॉग आणि नॉन_आयडेम्पोटंट. उद्या युनिक कन्स्ट्रेंट, पण त्याआधी टेबलात असलेल्या दुहेरी पावत्या शोधून शेती ऑफिसकडून रद्द करून घ्या, नाहीतर कन्स्ट्रेंट लागणारच नाही. मग टाइमआऊट आणि झोन, मग रिपोर्टची वेगळी वाट. सेशन शेवटी, कारण त्यात कोड बदलायचा आहे. प्रत्येक वेळी एनजिनएक्स -टी चालवून मगच रीलोड. रीलोडमध्ये जुने वर्कर हातातलं काम संपवून जातात, त्यामुळे काटा चालू असतानाही करता येतो. एखादा टॉमकॅट दुरुस्तीला काढायचा असेल तर अपस्ट्रीममध्ये त्याच्या ओळीला डाउन लिहून रीलोड करा, त्याच्यावरच्या रिक्वेस्ट संपेपर्यंत थांबा, मग बंद करा. सरळ किल करू नका.

आणि एवढं सगळं झाल्यावरही पुढे एनजिनएक्स एकटाच उभा आहे. दुसरं मशीन घेऊन कीपअलाइव्हडी या प्रोग्रामने दोघांत एक तरंगता पत्ता (एक मशीन पडलं की दुसऱ्याकडे जाणारा) ठेवता येतो. काम अर्ध्या दिवसाचं आहे. फक्त दोन्ही मशीन एकाच यूपीएसवर ठेवू नका. दुसऱ्या जागी बॅकअप ठेवायचा विचार असेल तर ती जागा पंचगंगेच्या पलीकडची कुणी सुचवली तर एवढं आठवा, की २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद होता. मशीनजवळ माणूस पोचत नसेल तर तिथलं काम लांबूनच करता आलं पाहिजे, तेव्हा रिमोट पॉवरची सोय असलेला सर्व्हर तिथे ठेवा आणि त्याला दोन कंपन्यांचं इंटरनेट द्या.